बापटवहिनींचं चॉकलेट

बापटवहिनींनी कुणाकडून काही उसनं नेलं तर ते तासाभरात परत यायचं. साखरेची वाटी नेताना सपाट, आणताना शीग लावून. आणि परत करतानाचा चेहरा असा, की जणू चोरीचा माल चौकीवर जमा करायला आल्या आहेत. "अगदीच अडलं होतं हो," असं त्या दारातच म्हणत. मी कितीदा तरी आत या म्हटलं, पण त्यांनी उंबरा ओलांडला नाही. मागायला आलेल्या माणसाने बसायचं नसतं, असा त्यांचा काहीतरी नियम असावा.

सत्तरचं दशक सरता सरता आम्ही वाशीला राहायला गेलो. जाहिरातीत वाशीला सगळं होतं. प्रत्यक्षात रस्ते होते, सेक्टरांना नंबर होते आणि खाडीवरून येणारा खारा वारा होता. त्या वाऱ्यात कपडे लवकर वाळत नसत आणि लोखंड लवकर गंजे. आमच्या इमारतीत एका मजल्यावर दोन बिऱ्हाडं, दारं समोरासमोर. आमच्या दारावर 'कामत' अशी रंगवलेली लाकडी पाटी. समोरच्या दारावर 'श्री. ग. बापट' अशी पितळेची. खाऱ्या हवेत पितळ हिरवं पडतं, पण बापटांची पाटी कधी हिरवी दिसली नाही. वहिनी ती रोज सकाळी चिंचेने घासत, आणि घासताना जिन्यावर कुणाची पावलं वाजली की चिंच पदराखाली घेत. पाटी लखलखीत असावी; तिला घासावं लागतं हे मात्र कुणाला दिसू नये.

त्यांची गॅलरीही अशीच होती. बाहेरच्या दोरीवर धड साड्या आणि बापटांचे नवे शर्ट. जुन्या झालेल्या साड्या, कॉलर उलटून शिवलेले शर्ट, विरलेले टॉवेल हे सगळं आतल्या खोलीत पंख्याखाली वाळे. मला हे कसं कळलं? एकदा वीज गेली आणि हवेसाठी त्यांनी दार उघडं टाकलं, तेव्हा. मला दिसलं हे त्यांना दिसलं, आणि त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी अतिशय गोड बोलत होत्या.

बापट ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअर्स खात्यात होते. उंच, सावकाश बोलणारे. सकाळी आठला ब्रीफकेस घेऊन निघत. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत वहिनी गॅलरीत उभ्या राहत. शेजारच्या इमारतींतल्या बायकांना हे दृश्य आवडे. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा रांगणेकरबाई तर तरुण सुनांना ते उदाहरण म्हणून सांगत. रांगणेकरबाईंचे यजमान मोठे इंजिनिअर होते आणि बाईंना कुठल्याही गोष्टीतून उदाहरण काढण्याची सवय होती. मी मंडळाची चिटणीस होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, म्हणजे मला लिहिता येत असणार, एवढ्या आधारावर ती निवड झाली होती.

चॉकलेट त्या घरात कधी शिरलं ते नक्की सांगता येणार नाही. त्या काळात आमच्यासारख्या घरांतल्या बायका सतत काहीतरी शिकत होत्या. कुणी कापडाला गाठी मारून रंगवत होत्या, कुणी लोकरीची कुत्री करत होत्या. वहिनींची दादरला एक मावसबहीण होती. तिने चॉकलेटचा क्लास केला होता, तिच्याकडून वहिनी शिकल्या. हळदीकुंकवाला त्यांनी आम्हा सगळ्यांना तिळगुळाबरोबर चॉकलेटात बुडवलेला एकेक खजूर दिला. आत बी काढून बदाम भरलेला, बाहेर पातळ, चकचकीत काळं कवच. दातांखाली ते कवच 'टक्' करून फुटायचं. आम्ही सगळ्याजणी चकित झालो. कसं केलंत, म्हणून विचारलं, तर वहिनी लाजून म्हणाल्या, "आवड म्हणून हो. काही विशेष नाही."

'आवड म्हणून' हे दोन शब्द त्यांच्या तोंडी पुढे इतके बसले की चॉकलेट म्हटलं की ते आपोआप यायचे. पण काम आवडीने करणाऱ्या माणसासारखं नव्हतं. परीक्षेला बसल्यासारखं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करायचं, पण उकळू द्यायचं नाही. त्यावर लहान पातेलं, त्यात चॉकलेटच्या लादीचे सुरीने केलेले तुकडे. चमचा कोरडा, हात कोरडे, पातेलं उतरवताना त्याचं बूडही आधी पुसायचं, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तर सगळ्याची माती होते. वितळलेलं चॉकलेट नुसतं असलं तर जाड बसतं. ते थोडं पातळ करावं लागतं. "खजुराला गोधडी पांघरायची नाही," वहिनी सांगत, "साडी नेसवायची." चमच्यावरून धार सोडली की ती न तुटता फितीसारखी खाली उतरली पाहिजे, आणि उतरल्यावर क्षणभर वर दिसून मग बुडाली पाहिजे. बुडवायला त्यांच्याकडे एक काटा होता. त्याचे मधले दोन दात बापटांनी पकडीने मोडून दिले होते.

पातळ कशाने करायचं, हे मात्र त्या सांगत नसत. कुणी विचारलं तर चुलीवर काहीतरी राहिल्यासारख्या आत जात. वितळवण्याच्या वेळी स्वयंपाकघरात कुणाला प्रवेश नव्हता. दमट हवा आत येते, असं कारण होतं. वाशीत दमट नसलेली हवा कुठली आणायची, हा प्रश्न मी विचारला नाही. बाकीच्या बायकांना वाटे, सोवळ्याचा प्रकार असेल.

उन्हाळ्यात एकदा त्यांचा फ्रिज बंद पडला. दुपारी दार वाजलं. वहिनी उभ्या, हातात ताट, ताटावर जरीकाठी रुमाल. प्रसाद असावा अशा भावनेने मी हात पुढे केला. पण खाली बुडवलेल्या खजुरांच्या ओळी होत्या, आणि त्या तासभर माझ्या फ्रिजमध्ये ठेवायच्या होत्या. मी फ्रिज उघडला. आत सकाळीच सारसोळे गावातल्या पारूबाय कोळणीकडून घेतलेली सुरमई होती. वहिनींनी सुरमईकडे पाहिलं, सुरमईने बहुधा वहिनींकडे. मी म्हटलं, मी ती काढून ठेवते. "नको, नको," त्या घाईने म्हणाल्या, "खालीच आहे ना ती? असू दे." आणि ताट स्वतःच्या हाताने वरच्या कप्प्यात सरकवलं. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नव्हता, त्या घरची बाई हे करते, यावरून मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. मला एवढंच वाटलं की आवड फारच वाढली आहे.

पारूबायला माझ्याआधी कळलं होतं. ती जिन्यात टोपली उतरवून बसली की बापटांच्या दाराकडे नाक करून वास घ्यायची. एकदा वहिनी दार किलकिलं करून बघत होत्या, तेव्हा पारूबाय म्हणाली, "बाय, तुज्या घरान रोजचा गोड वास येतो. कोनाचं लगीन हाय?" वहिनी म्हणाल्या, आवड म्हणून करते. पारूबायने सुरमईचा तुकडा तोडता तोडता त्यांना नीट न्याहाळलं. "आवड म्हनून रोज कोन करतं? इकतेस ना? इक की. मी म्हावरा इकते, तू ह्यो इक. लाजाचं काय हाय त्यान?" दार बंद झालं. थोड्या वेळाने ते परत उघडलं, आणि वहिनींनी कागदात बांधलेले चार खजूर पारूबायच्या पुढे ठेवले, बोलू नकोस अशी नजर करून.

आता जे मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बापटांची कंपनी बंद पडली होती. बापट ब्रीफकेस घेऊन निघत ते मुंबईच्या बसमध्ये बसत. ब्रीफकेसमध्ये आदल्या दिवशी केलेले खजूर, बदाम, संत्र्याच्या साली असत, चांदीच्या कागदात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत रचलेले. दादर, घाटकोपर, मुलुंड इथे ते पोचवायचे, क्रॉफर्ड मार्केटातून चॉकलेटच्या लाद्या घ्यायच्या, त्या ब्रीफकेसमध्ये भरायच्या आणि ऑफिस सुटण्याच्या वेळेला परत वाशीत उतरायचं. एकदा मार्केटात मला ते दिसलेही होते. उघड्या ब्रीफकेसमध्ये लाद्या, आणि ते झाकण दाबून लावायचा प्रयत्न करत होते. "साहेबांच्या मुलाचा वाढदिवस आहे," ते म्हणाले. अशी कामं साहेब लोक स्टोअर्सवाल्यांना सांगतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मनातल्या मनात त्या साहेबावर चिडले. तो साहेब तेव्हा बहुधा स्वतःही नोकरी शोधत असावा.

घर त्या खजुरांवर चाललं होतं. आणि खजूर चालले होते एका शर्तीवर, की आमच्या कॉलनीत कुणाला कळता कामा नये. अनोळखी माणसाला विकणं वहिनींना जमलं होतं. ओळखीच्या माणसाला आपण विकतो हे कळणं त्यांना जमणारं नव्हतं.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत वनस्पती तुपाबद्दल बातम्या यायला लागल्या. त्यात कसलीतरी चरबी मिसळतात असं छापून आलं आणि आमच्या कॉलनीत हलकल्लोळ माजला. कुणी डबे कचऱ्यात टाकले, कुणी गोमूत्र शिंपडलं. खरं म्हणजे त्याआधी प्रत्येक घरात वनस्पती होतं. प्रत्येक गॅलरीत तुळस लावलेली होती ती वनस्पतीच्याच रिकाम्या डब्यात, रांगणेकरबाईंच्या गॅलरीत तर दोन. फक्त बापटांच्या तुळशीला मातीची कुंडी होती. पण आता जो तो सांगू लागला की आमच्याकडे पूर्वीपासून साजूकच. माणसांची आठवण किती लवकर शुद्ध होते ते मी तेव्हा पाहिलं.

आणि रांगणेकरबाईंनी ठरवलं की या विषयावर मंडळाचा कार्यक्रम झाला पाहिजे. आधी त्यांचं भाषण, मग प्रतिज्ञा, आणि मग बायका कंटाळू नयेत म्हणून बापटवहिनींचं चॉकलेटचं प्रात्यक्षिक. वहिनी नाही म्हणाल्या. रांगणेकरबाईंना नकार ऐकू येत नसे. "अहो, आवडीची गोष्ट चार जणींना शिकवायची तर एवढे आढेवेढे कशाला?" असं त्या म्हणाल्या, आणि या प्रश्नाला 'आवड' या शब्दात राहून उत्तर नव्हतं. त्यात कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना एक मोठी ऑर्डर पुरी करून द्यायची होती. सेक्टरापलीकडच्या शहा नावाच्या व्यापाऱ्याकडे साखरपुडा होता. घरात होतं नव्हतं ते सगळं चॉकलेट त्या ऑर्डरसाठी आणलेलं. दोन्ही कामं एकदम करायची असं नवरा-बायकोने ठरवलं. व्यासपीठावर बुडवायचे ते शहांचेच खजूर. थोडे वाटायचे, बाकीचे गुपचूप घरी आणायचे.

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये दुपारी होता. वहिनींनी मोरपिशी रेशमी साडी नेसली होती. वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, खजुरांचा डबा, काटा आणि खांद्याला कापडी पिशवी. घाम पुसत त्या व्यासपीठाच्या कडेला बसून होत्या. मी इतिवृत्त लिहायला शेजारी.

रांगणेकरबाई तुपावर बोलल्या. गाईपासून सुरुवात करून त्या हळूहळू संस्कृतीपर्यंत आल्या. शेवटी त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि उजवा हात पुढे करून प्रतिज्ञा दिली: माझ्या घरात, माझ्या हातून, वनस्पती कुणाच्या पोटात जाणार नाही. सगळ्या बायकांनी म्हटलं. वहिनींनीही हात पुढे केला. डाव्या हाताने त्यांनी खांद्यावरची पिशवी अंगाशी घट्ट धरली होती. मला वाटलं पर्स असेल.

मग प्रात्यक्षिक. स्टोव्ह पेटला, पाणी तापलं, लादीचे तुकडे वितळले. वहिनी सांगत होत्या ते अगदी चांगलं सांगत होत्या. पाण्याचा थेंब, कोरडा चमचा, सगळं. बायका मान पुढे काढून बघत होत्या. पण व्यासपीठावर पंखा होता. चॉकलेट जरा घट्ट राहिलं, आणि पहिला खजूर बाहेर आला तो गोधडी पांघरूनच. कुणीतरी हसलं. वहिनींनी तो बाजूला ठेवला, चमचा ढवळला, धार सोडून पाहिली. ती तुटत होती.

"आता हे पातळ करायला हवं, नाही का?" रांगणेकरबाई ध्वनिक्षेपकावरून म्हणाल्या. "कशाने करता वहिनी? आज गुपित सांगूनच टाका."

वहिनींचा हात पिशवीवर गेला आणि तिथेच राहिला. समोर बसलेल्या प्रत्येक बाईने त्यांचे खजूर खाल्लेले होते. संक्रांतीला खाल्ले होते, काहींनी संकष्टीला देवापुढेही ठेवले होते. अर्ध्या तासापूर्वी त्याच बायकांनी हात पुढे केला होता.

रांगणेकरबाईंना शांतता सहन होत नसे. "अहो, लाजता काय? दूधच घालत असणार. मिल्क चॉकलेट म्हणतात ते काय उगीच?" बायका हसल्या. वहिनींनी मान हलवली. हो की नाही, ते मला नीट दिसलं नाही, पण बाईंना हो दिसलं. चहाचं दूध मागच्या खोलीत तापतच होतं. बाईंनी कपभर आणवलं आणि वहिनींच्या हातात दिलं. "घाला, घाला. संकोच कसला?"

वहिनी कपाकडे पाहत होत्या. मग पातेल्याकडे. मग एकदा समोर, सगळ्या बायकांकडे. पाण्याच्या थेंबाची गोष्ट त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी सांगितली होती, आणि ती एकाही बाईला आठवली नाही, कारण दूध म्हणजे काही पाणी नव्हे. त्यांनी कप पातेल्यात उपडा केला.

चॉकलेटची चकाकी एकदम गेली. पृष्ठभाग खरखरीत झाला, मग चमच्याभोवती सगळं गोळा व्हायला लागलं, ओल्या मातीसारखं. वहिनी ढवळत राहिल्या. जितकं ढवळावं तितका गोळा घट्ट होत गेला, आणि शेवटी चमचा त्यात उभा राहिला.

"बघा," रांगणेकरबाई म्हणाल्या, "जमून आलं की नाही?" त्यांना खरंच तसं वाटलं होतं. खव्यात हात मुरलेली बाई चॉकलेटकडेही खव्याच्याच नजरेने बघणार. त्यांनी स्वतः तूप लावलेल्या हाताने त्याचे गोळे वळायला सुरुवात केली, दोन-तीन जणी मदतीला गेल्या, आणि हॉलभर चॉकलेटचे पेढे वाटले गेले. मग बाईंनी जाहीर केलं की बापटवहिनींनी आपलं सगळं साहित्य मंडळाला दिलं आहे, त्यांच्यासाठी टाळ्या. टाळ्या झाल्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

सामान जड होतं म्हणून मी स्टोव्ह घेऊन त्यांच्याबरोबर आले. दार बापटांनी उघडलं. बनियनवर, हातात कात्री. आत जमिनीवर चांदीच्या कागदाचे चौकोन कापून ओळीने मांडलेले होते आणि पुठ्ठ्याची खोकी उघडी होती. ऑफिसच्या वेळेला घरात असलेले बापट मी प्रथमच पाहत होते. त्यांनी मला पाहिलं, पण लपायला आता उशीर झाला होता. त्यांनी वहिनींच्या हातातल्या पातेल्यावरचं फडकं उचललं. तळाला घट्ट खरवड चिकटली होती.

"काय पडलं यात?"

"दूध."

"पडलं कसं?"

"घातलं. मी घातलं."

"वनस्पती दिलं होतं ना वाटीत?"

वहिनींनी पिशवीतून झाकणाची वाटी काढून ओट्यावर ठेवली. वर बांधलेला नॅपकिन तसाच होता. "सगळ्या बघत होत्या," त्या म्हणाल्या.

बापटांनी हातातली कात्री ओट्यावर ठेवली. "वनस्पती म्हणायची एवढी लाज?"

"नोकरी गेली म्हणायची तुम्हाला वाटते, तेवढीच."

आवाज चढला नव्हता. पाटी घासावी तसं सावकाश, नीट म्हटलं त्यांनी. मी स्टोव्ह हातात धरून उभी होते. तो खाली ठेवला तर आवाज होईल म्हणून ठेवतही नव्हते.

बापट आत गेले आणि शर्ट घालून आले. शहांना सांगून येतो, म्हणाले, म्हणजे ते संध्याकाळपर्यंत दुसरीकडून काहीतरी आणू शकतील. वहिनी दाराशी आडव्या आल्या. "आत्ता? सगळ्या हॉलवरून परत येत असतील."

"येऊ दे."

वहिनी बाजूला झाल्या. आणि ते पायरीवर पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "ब्रीफकेस तरी घ्या."

त्यांनी ती घेतली नाही. मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले, कारण त्या घरात थांबणं शक्य नव्हतं. फाटकाशी रांगणेकरबाई आणि पाच-सहा जणी होत्या. "बापटसाहेब, आज लवकर सुटलात?" बाईंनी विचारलं. प्रश्न चांगुलपणाचाच होता.

"कंपनी बंद आहे," बापट म्हणाले. "वर्षाच्या वर झालं. आम्ही चॉकलेटं विकतो."

आणि ते चालू लागले. बाईंच्या हातात कागदात बांधलेले दोन पेढे होते. त्यांनी ते पर्समध्ये टाकले. मी वर पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, आणि ते वाईट जाण्याला आमचा चांगुलपणा कारण झाला. कॉलनीला फार लाज वाटली. शेजारी एवढं घडतंय आणि आपण उदाहरणं देत बसलो. म्हणून ज्याने त्याने वहिनींकडे मागणी नोंदवायला सुरुवात केली. वाढदिवस नसलेल्या मुलांचे वाढदिवस निघाले. वहिनींनी प्रत्येकीला खजूर करून दिले आणि पैसे मात्र एकीकडूनही घेतले नाहीत. "तुमच्याकडून कसले हो?" एवढंच त्या म्हणत. मी आग्रह केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, म्हणून मी आग्रह सोडला. शहांचं गिऱ्हाईक गेलं, त्यांच्या ओळखीची गेली. कॉलनीसाठी बुडवता बुडवता दादर-मुलुंडचा माल वेळेवर होईना, ती गिऱ्हाईकंही तुटली. जी राहिली ती सगळी ओळखीची, म्हणजे फुकट.

दरम्यान काही बायकांनी हौसेने घरी चॉकलेट आणून दूध घालून पाहिलं. माती झाली. मग जिन्यात बोलणं सुरू झालं, की बाई गोड आहे, पण खरं काय ते तिने सांगितलं नाही. पाककृती लपवणं हा आमच्याकडे मोठा अपराध होता. हे वहिनींच्या कानावर गेलं. खुलासा एका शब्दाचा होता, पण तो शब्द उच्चारला असता तर त्या बायकांना आपण वर्षभर काय खाल्लं ते कळलं असतं. तेव्हा वहिनींनी तोही आळ घेतला.

शेवटी रांगणेकरबाई मंडळातर्फे काही मदत करण्याचा प्रस्ताव घेऊन स्वतः आल्या. वहिनींनी त्यांना चांगल्या कपात चहा दिला, आमचं अगदी उत्तम चाललंय म्हणून सांगितलं, आणि जाताना कुंकू लावलं. महिन्याभरात फ्लॅट विकल्याचं कळलं. सांगलीला वहिनींचा भाऊ होता. बापट त्याच्या दुकानात बसणार होते.

टेम्पो सकाळी आला. सामान थोडंच होतं. पितळी पाटी बापटांनी स्वतः उतरवली. खाली बायका जमल्या होत्या, रांगणेकरबाईंनी वहिनींची ओटी भरली, आणि बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मला त्या बाईचा राग करावासा वाटे, पण ती अशी वेळोवेळी रडून तो करू देत नसे.

वहिनी ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. पलीकडे बापट. इंजिन सुरू झालं, तेव्हा वहिनींनी मला हाताने जवळ बोलावलं. मी खिडकीशी गेले.

"कामतबाई, तुम्ही कुणाकडे बोलला नाहीत ना?"

मला कळेना. नोकरीचं तर सगळ्यांना ठाऊक होतं, विकण्याचं ठाऊक होतं, फ्लॅट का विकला तेही. "कशाबद्दल?"

त्यांनी एकदा बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं, आणि मान आणखी बाहेर काढून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या वाटीबद्दल. वनस्पतीच्या."

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग त्या मागे टेकून बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून सारखा केला, आणि सगळ्या बायकांकडे बघून ताठ मानेने हसल्या.